शेजारचं झाड झाडाला कसं कळतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"झाडं एकमेकांशी बोलतात" हे वाक्य ऐकून काही जण डोळे विस्फारतात, काही नाक मुरडतात. दोघंही जरा घाई करतात. झाडाला शेजाऱ्याची चाहूल लागते हे प्रयोगांनी पक्कं झालंय. ते शेजाऱ्याशी मुद्दाम काही बोलतं का, हा मुद्दा मात्र अजून बराच कच्चा आहे. चाहूल घेणं वेगळं आणि बोलणं वेगळं, एवढं धरून पुढची उत्तरं वाचलीत की पुष्कळसा गोंधळ टळेल.

डोळे नाहीत, कान नाहीत. मग शेजारी कोणी उगवलंय हे रोपाला कळतं कशावरून?

मुख्यतः प्रकाशावरून. प्रकाश कमी होण्याच्या आधीच त्याची घडण बदलते, आणि रोप तो बदल टिपतं.

हिरवं पान उन्हातला निळा आणि तांबडा भाग शोषून घेतं, कारण हरितद्रव्याला तोच लागतो. तांबड्याच्या थोडं पलीकडे, साधारण ७३० नॅनोमीटरच्या आसपास, आणखी एक पट्टा आहे. आपल्या डोळ्यांना तो जेमतेम दिसतो. सोयीसाठी त्याला 'दूरतांबडा' म्हणू. पानाला त्याचा फारसा उपयोग नसतो, म्हणून तो पानातून आरपार जातो किंवा पानावर आपटून माघारी फिरतो. मोकळ्या उन्हात तांबडा आणि दूरतांबडा जवळजवळ सारखे असतात, तांबडा किंचित जास्तच. दाट पर्णसंभाराखाली मात्र तांबडा दूरतांबड्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत घसरू शकतो. भिंतीची किंवा दगडाची सावली असं करत नाही, ती सगळेच रंग मंद करते. म्हणजे हे प्रमाण बिघडलं की जवळपास हिरवं, जिवंत पान आहे असं समजायला हरकत नाही. रोप नेमकं तसंच 'समजतं'.

हे टिपणारं रंगद्रव्य म्हणजे फायटोक्रोम. त्याची दोन रूपं असतात. तांबड्या प्रकाशाने ते एका रूपात जातं, दूरतांबड्याने पुन्हा पहिल्या रूपात येतं, खटक्याच्या बटणासारखं. याचा छडा लागला तो लेट्यूसच्या बियांमुळे. अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या कृषी संशोधन केंद्रात भिजवलेल्या बियांवर एकाआड एक तांबडा आणि दूरतांबडा प्रकाश टाकून पाहिला. शेवटचा झोत तांबडा असेल तर बिया रुजत, शेवटचा दूरतांबडा असेल तर बहुतेक तशाच पडून राहत. आधी कितीही वेळा बटण दाबलेलं असो, शेवटचं दाबणंच खरं. हे १९५२ सालचं. ते रंगद्रव्य प्रत्यक्ष हाती लागायला १९५९ उजाडलं.

मग शेजाऱ्याची सावली पडल्यावरच रोप जागं होतं का?

नाही, त्याच्या बरंच आधी. हा या विषयातला मला सगळ्यात आवडणारा भाग आहे.

शेजारची रोपं अजून बुटकी आहेत, सावली कोणावरच नाही, सगळ्यांना भरपूर ऊन मिळतंय, अशी स्थिती डोळ्यांसमोर आणा. तरीही शेजाऱ्याच्या पानांवरून परतलेला दूरतांबडा प्रकाश आडवा येऊन आपल्या रोपाच्या खोडावर पडत असतो. अर्जेंटिनातल्या कार्लोस बायारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोहरी आणि धोतऱ्याची रोपं घेऊन हे पारखलं. कोवळ्या खोडाभोवती त्यांनी पारदर्शक कॉलर बसवली आणि तिच्यात मोरचुदाचं पाणी भरलं. ते निळं पाणी दूरतांबडा प्रकाश गाळून टाकतं. कॉलर नसलेली रोपं दाटीत भराभर उंच झाली. मोरचुदाची कॉलर घातलेल्यांना शेजाऱ्यांचा पत्ताच लागेना, त्यांची वाढ तितकी ताणली गेली नाही. १९९० मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि रोप सावली येण्याची वाट पाहत बसत नाही, तिचा अंदाज घेऊन आधीच हालचाल करतं, हे स्पष्ट झालं.

आत काय घडतं? फायटोक्रोमचं सक्रिय रूप काही प्रथिनांना लगाम घालून असतं. दूरतांबडा वाढला की हे रूप कमी होतं आणि लगाम सुटतो. मोकळी झालेली प्रथिनं ऑक्झिन या संप्रेरकाचं उत्पादन वाढवतात. ऑक्झिन पानांकडून खोडाकडे येतं, पेरांमधल्या पेशी लांब होतात आणि रोप उंचावतं. वाढीचा वेग बदलायला काही मिनिटंच पुरतात.

ट्रेमध्ये दाट पेरलेली रोपं लांबट आणि लेचीपेची होतात, ती यामुळेच?

हो, पण एकट्या यामुळे नाही. खिडकीत मुळात प्रकाशच कमी असतो. त्यातही निळा भाग घटला की त्याच्यासाठी असलेली वेगळी संवेदकं रोपाला तेच सांगतात: उंच हो. कमी प्रकाश आणि दाटी अशी दोन कारणं एकमेकांवर चढतात.

फरक पाहायचा तर एक सोपी गोष्ट करून बघा, मी केली आहे. एकाच दिवशी एका पेल्यात मोहरीचे तीनचार दाणे पेरले आणि दुसऱ्यात चिमूटभर. दोन्ही पेले उघड्या उन्हात ठेवले. आठवड्याभरात दाट पेल्यातली रोपं सरळसरळ उंच दिसायला लागली. देठ फिकट आणि दोऱ्यासारखे झाले, पानं वर उचलली गेली. कडेची सगळी रोपं बाहेरच्या बाजूला झुकलेली होती, गर्दीच्या बसच्या दारात माणसं लटकतात तशी. विरळ पेल्यातली बुटकी, जाड देठाची आणि पानं पसरून बसलेली. दाट पेल्याला चुकून धक्का लागला तेव्हा त्यातली निम्मी आडवी झाली.

म्हणून विरळणी वेळेवर करावी. पहिली खरी पानं फुटेपर्यंत थांबलं तर ठीक, त्याहून उशीर केला की ताणलेलं खोड पुन्हा आखूड होत नाही. दिव्याखाली रोपं वाढवत असाल तर जुन्या पद्धतीचे तार तापणारे बल्ब टाळा, त्यांच्या प्रकाशात दूरतांबडा फार असतो. पांढऱ्या एलईडीत तो अगदी थोडा असतो.

उंच होणं तर फायद्याचंच. त्यात तोटा काय?

खर्च. खोडात घातलेला माल मुळांतून, फांद्यांतून आणि पानांच्या जाडीतून काढलेला असतो. फुटवे कमी येतात, रोप लवकर फुलतं, बी कमी धरतं, वाऱ्यात लोळतं. शिवाय दूरतांबड्याची वर्दी मिळाली की कीडरोगाविरुद्धची तयारीही ढिली पडते, कारण त्या तयारीचं काम पाहणाऱ्या जास्मोनेट या संप्रेरकाला रोप पुरेसा प्रतिसाद देत नाही. अशा पानांवर अळ्या चांगल्या पोसतात.

सगळ्याच वनस्पती ही शर्यत लावत नाहीत. घनदाट जंगलाच्या तळाशी राहणारी नेची आणि झुडपं उंच होण्याच्या फंदात पडत नाहीत. तीस मीटर उंच झाडाशी कोण स्पर्धा करणार? ती पानं पातळ आणि रुंद ठेवतात आणि मिळेल त्या उजेडात भागवतात.

स्पर्शानेही शेजारी कळतो का?

कळतो. अ‍ॅराबिडोप्सिस ही प्रयोगशाळांची लाडकी वनस्पती जमिनीलगत चकतीसारखी पानं पसरते. सगळीच पानं एका पातळीत असल्याने परतणारा प्रकाश शेजाऱ्याकडे फारसा वळतच नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात २०१२ मध्ये दिसलं की शेजारच्या रोपांच्या पानांची टोकं एकमेकांना टेकली की पानं वर उचलली जातात. ती उभी झाल्यावर मग दूरतांबडा आडवा फिरायला लागतो आणि प्रकाशाची नेहमीची वर्दी सुरू होते. म्हणजे इथे आधी धक्काबुक्की आणि मग ओळख.

कापलेल्या गवताचा वास म्हणजे गवताची किंकाळी, असं वाचलं. खरं आहे का?

किंकाळी हा शब्द सोडून द्या, वासाची गोष्ट खरी आहे. पान फाटलं की त्याच्या पडद्यांमधली मेदाम्लं तुटतात आणि काही सेकंदांत सहा कार्बनच्या हलक्या संयुगांचा लोट बाहेर पडतो. हाच तो हिरवा, ओला वास. शेजारच्या झाडांवर याचा परिणाम होतो, ही शंका १९८३ मध्ये पुढे आली. डेव्हिड ऱ्होड्स यांनी अळ्या पडलेल्या विलोच्या शेजारची निरोगी झाडंही सावध झालेली पाहिली. त्याच वर्षी इयन बाल्डविन आणि जॅक शुल्ट्झ यांनी बंद खोलीत पॉपलर आणि मेपलच्या रोपांवर तसाच प्रयोग केला. वर्तमानपत्रांनी 'बोलणारी झाडं' उचलून धरली. शास्त्रज्ञांनी मात्र प्रयोगांची मांडणी आणि आकडेमोड यांवर नेमकी बोटं ठेवली, आणि विषय काही वर्षं थंड पडला. माझ्या मते ते बरंच झालं, कारण पुढचे प्रयोग जास्त काटेकोर झाले.

१९९० मध्ये एडवर्ड फार्मर आणि क्लॅरेन्स रायन यांनी सेजब्रश या सुगंधी झुडपाच्या फांद्या आणि टोमॅटोची रोपं एका बंद भांड्यात ठेवली. सेजब्रशमधून उडणाऱ्या मिथाइल जास्मोनेटमुळे टोमॅटोच्या पानांत अळ्यांचं पचन बिघडवणारी प्रथिनं तयार झाली, एकही अळी न लागता. पुढे रिचर्ड कार्बान यांनी कॅलिफोर्नियाच्या उघड्या माळावर सेजब्रश कातरून शेजारच्या रानटी तंबाखूवर लक्ष ठेवलं. ती झाडं कमी खाल्ली गेली. सेजब्रशचा हा परिणाम साधारण ६० सेंटिमीटरच्या आतच जाणवतो, आणि वाऱ्याची दिशाही सोयीची लागते. बागेच्या एका टोकाची हाक दुसऱ्या टोकाला जाते असं समजू नका.

वासाचा हा परिणाम प्रत्यक्ष पाहायला मिळाला तो २०२३ मध्ये. जपानमधल्या सायतामा विद्यापीठात मासात्सुगु टोयोटा यांच्या गटाने अशी अ‍ॅराबिडोप्सिस वापरली, जिच्या पेशींत कॅल्शियम वाढलं की त्या चमकतात. अळ्यांनी कुरतडलेल्या पानांवरची हवा पंपाने तिच्यावर सोडली आणि पानावर उजेडाच्या लाटा उमटल्या. सुरुवात पर्णरंध्रांच्या, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांच्या, राखण पेशींपासून, जवळपास मिनिटभरात. आतल्या पेशींना काही मिनिटं जास्त लागली. वास आत शिरतो तो दारातूनच, हे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

पण झाड स्पर्धकाला सावध कशाला करेल?

बरोबर शंका आहे. उत्तर बहुधा असं की ते करतच नाही. जखमी झाड सावध करतं स्वतःला. एका फांदीपासून दुसरीपर्यंत रसवाहिन्यांचा रस्ता लांब, आडवळणाचा, कधीकधी थेट जोडलेलाच नसतो. हवेतून वास शेजारच्या फांदीला लगेच पोचतो. लिमा बीनच्या वेलावर २००७ मध्ये हेच दाखवलं गेलं. कुरतडलेल्या पानांच्या वासाने त्याच वेलाची न कुरतडलेली पानं मध जास्त स्रवू लागली, आणि त्या मधावर येणाऱ्या मुंग्या वेलाची राखण करतात. आता हवेला कुंपण नसतं. शेजारचं झाड फुकटात ऐकून घेतं. घरातलं भांडण शेजाऱ्याला ऐकू गेलं म्हणजे ते त्याला सांगायला केलं होतं, असं होत नाही.

हा वास किंवा रस 'चोरून ऐकणाऱ्या' वनस्पती आहेत का?

आहेत, आणि त्या मोठ्या बेरकी आहेत. अमरवेलीचंच घ्या. बी रुजल्यावर पिवळसर दोऱ्यासारखा कोंब बाहेर येतो. त्याला पान नाही, धड मूळ नाही. बियांतली शिदोरी संपण्याआधी, म्हणजे काही दिवसांत, आधार सापडला नाही तर तो मेला. म्हणून तो हवेत हळूहळू गोल फिरत चाचपडतो. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात कॉन्सुएलो दे मोराएस यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की हे चाचपडणं आंधळं नाही. बहुतेक कोंब टोमॅटोच्या दिशेनेच वाढले. नुसती ओली माती, खोटं झाड, रंगीत पाण्याच्या बाटल्या यांकडे ते वळले नाहीत. टोमॅटोचा नुसता वास सोडला तरी तिकडे वळले. टोमॅटो आणि गहू समोरासमोर ठेवल्यावर टोमॅटो निवडला, कारण गव्हाच्या वासातलं एक संयुग त्यांना दूर सारतं. शिवाय हिरव्या पानांचा दूरतांबडाही अमरवेलीला वाट दाखवतो.

टारफुल्याची गोष्ट तर भूमिगत गुप्तहेराची आहे. ज्वारी, मका, बाजरीच्या मुळांवर जगणारं हे परजीवी तण. बी धुळीसारखं बारीक, जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहणारं. ते रुजतं केव्हा, तर यजमानाचं मूळ अगदी जवळ, काही मिलिमीटरवर आल्यावर. मुळातून झिरपणाऱ्या द्रव्याचा वास त्याला लागतो. यातलं पहिलं द्रव्य १९६६ मध्ये कपाशीच्या मुळांच्या स्रावातून वेगळं केलं. नवल म्हणजे कपाशी टारफुल्याची यजमान नाहीच. मग झाडं स्वतःच्या शत्रूला बोलावणारं हे द्रव्य बनवतात तरी का? जवळपास चाळीस वर्षं कोडं तसंच होतं. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी उलगडा केला: ही हाक आहे मुळांना फॉस्फरस आणून देणाऱ्या मित्र बुरशीला. शत्रू ती वाटेत ऐकतो. पुढे २००८ मध्ये कळलं की हीच संयुगं झाडाच्या आत फांद्या किती फुटाव्यात हेही ठरवतात.

मुळांना शेजाऱ्याची मुळं कळतात का?

कळतात, पण इथे पाऊल जपून टाकायला हवं. मुळं डोळ्यांआड असतात आणि प्रयोग सहज फसतात.

२००१ मध्ये सोयाबीनवर एक गाजलेला प्रयोग झाला. दोन रोपांना एकच जागा वाटून दिली तर ती स्वतंत्र जागेतल्या रोपांपेक्षा जास्त मुळं काढतात आणि शेंगा कमी धरतात. सामायिक विहिरीवर प्रत्येकाने मोठा पंप बसवावा, तसं. पण सामायिक कुंडी आकाराने मोठी असते, आणि मोठ्या कुंडीत रोप एरवीही जास्त मुळं काढतं. या आक्षेपावर बरीच वर्षं वाद चालला.

वाळवंटातली निरीक्षणं जास्त स्पष्ट आहेत. मोहावी वाळवंटातल्या दोन झुडपांची मुळं काचेआड वाढवून १९९१ मध्ये पाहिली गेली. क्रिओसोट झुडपाच्या मुळांजवळ आली की इतर मुळांची वाढ मंदावते, स्पर्शही लागत नाही. बर्सेज झुडपाची मुळं मात्र आपल्याच जातीच्या दुसऱ्या झुडपाच्या मुळाला प्रत्यक्ष टेकली की थांबतात, आणि स्वतःच्याच मुळाला टेकली तर थांबत नाहीत. स्वतःचं आणि परकं यांत फरक करण्याची काहीतरी युक्ती त्यांच्याजवळ आहे.

२०२० मध्ये ढोबळी मिरचीच्या रोपांवर आणखी एक बारकावा दिसला. शेजारी असेल तर रोप लांब मुळं पाठवणं टाळतं आणि स्वतःच्या बुंध्याजवळ मुळांची गर्दी करतं. जास्त की कमी, या वादाचं उत्तर कुठे मोजता त्यावर अवलंबून निघालं.

झाडं आपल्या सख्ख्या भावंडांना ओळखतात म्हणे?

काही ओळखत असावीत. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या सुझन डडली आणि अमांडा फाइल यांनी २००७ मध्ये समुद्र आणि तळ्यांच्या काठी वाढणारं सी रॉकेट हे रोप घेतलं. एकाच आईच्या बियांची रोपं एका कुंडीत लावली तर त्यांनी कमी मुळं काढली, अनोळखी रोपांसोबत लावली तर जास्त. २०१५ मध्ये अ‍ॅराबिडोप्सिसमध्ये दिसलं की भावंड शेजारी असेल तर पानं बाजूला वळतात, म्हणजे एकमेकांवर सावली कमी पडते, आणि हे प्रकाशाच्या संवेदकांमुळेच घडतं. २०१८ मध्ये स्पेनमधल्या एका रानफुलावर झालेल्या कामात भावंडांच्या घोळक्यातली रोपं पाकळ्यांवर जास्त खर्च करताना आढळली, जणू सगळ्यांनी मिळून मधमाशांना बोलवावं.

प्रत्येक जातीत आणि प्रत्येक प्रयोगात हे सापडत नाही. काही वेळा 'भावंडं' एकसारख्या आकाराची असतात, एवढ्यानेच स्पर्धा कमी होते. मी स्वतः या विषयावर 'शक्य आहे, काही ठिकाणी सिद्ध आहे' इथवरच जातो.

जंगलात बुरशीच्या जाळ्यातून झाडं एकमेकांना अन्न आणि निरोप पाठवतात ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचा विरस करणं जिवावर येतं.

मुळांशी जोडलेली बुरशी असते, तिचे धागे एकापेक्षा जास्त झाडांना जोडू शकतात, हे खरं. १९९७ मध्ये सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या जंगलात बर्च आणि डग्लस फर यांना कार्बनची वेगवेगळी खुणेची रूपं पुरवली आणि एकाचा कार्बन दुसऱ्यात सापडला. सावलीतल्या फरकडे जास्त गेला. तिथून 'वुड वाइड वेब' हा शब्द जगभर पसरला, मग पिल्लांना दूध पाजणारी आईझाडं आली, आणि गोष्ट पुराव्याच्या फार पुढे गेली.

२०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा यांनी सगळा पुरावा पुन्हा तपासला. यातल्या जोन्स १९९७ च्या त्या शोधनिबंधाच्या सहलेखिका होत्या, म्हणजे ही घरच्याच माणसाने केलेली झाडाझडती. त्यांचं म्हणणं असं: प्रत्यक्ष जंगलात अशी जाळी किती पसरलेली आहेत याची माहिती फार तोकडी आहे. कार्बन बुरशीच्या धाग्यातूनच गेला की मातीतून झिरपला, हे वेगळं काढणं अवघड आहे. आणि मोठी झाडं आपल्या पिलांना निवडून मदत करतात, याला जंगलातल्या प्रयोगांचा आधार नाही. कुंड्यांमधले काही प्रयोग मात्र बोलके आहेत. मावा लागलेल्या बाकल्याच्या (ब्रॉड बीन) रोपाशी बुरशीने जोडलेली निरोगी रोपंही सावध होतात, असं २०१३ मध्ये दिसलं. पण कुंडी म्हणजे जंगल नाही.

शेजाऱ्याला विष घालणारी झाडं असतात का?

असतात. काळ्या अक्रोडाची पानं, सालं आणि मुळं यांतलं एक निरुपद्रवी द्रव्य हवा लागली की जुग्लोन या विषात बदलतं, आणि टोमॅटोसारखी रोपं त्याने कोमेजतात. गाजरगवतातलं पार्थेनिन, ज्वारीच्या मुळांतलं सॉर्गोलिओन हीही त्याच जातकुळीतली. १९३७ मध्ये हान्स मोलिश यांनी या प्रकाराला अ‍ॅलिलोपॅथी हे नाव दिलं.

पण सावध करणारी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॅलिफोर्नियात साल्व्हियाच्या सुगंधी झुडपांभोवती एकदोन मीटर रुंदीची उघडी जमीन दिसते, वरून पाहिलं तर प्रत्येक झुडपाला पांढरी किनार लावल्यासारखी. १९६४ मध्ये कॉर्नेलियस म्युलर यांनी ती झुडपांच्या उडत्या तेलांची करामत ठरवली. पटण्यासारखंच होतं, वास तर दुरूनच येतो. १९७० मध्ये ब्रूस बार्थोलोम्यू यांनी तिथे जाळीचे पिंजरे ठेवले. पिंजऱ्यांत गवत मजेत उगवलं. उंदीर आणि ससे झुडपाच्या आडोशाने राहत आणि दोन पावलांपलीकडचं सगळं खाऊन टाकत, घुबडाच्या भीतीने त्याहून पुढे जात नसत. झाडाखाली काही उगवत नाही असं दिसलं की विषाआधी सावली, पाणी आणि दात, या तिघांची चौकशी करावी.

जंगलात शेंडे एकमेकांना न भिडता मध्ये फटी ठेवतात. तो मान राखणं आहे का?

दिसायला तसं दिसतं खरं, खालून पाहिलं तर आकाशाला तडे गेल्यासारखं. १९५५ मध्ये मॅक्सवेल जेकब्स यांनी निलगिरीच्या जंगलांवर लिहिताना याला शेंड्यांचा 'लाजाळूपणा' म्हटलं. पाइनच्या जंगलात मुख्य कारण वारा आहे: झाडं डोलतात, शेंडे आपटतात, कोवळे कोंब मोडतात. डोलण्याला अटकाव केला तर फटी बुजायला लागतात. मलेशियातल्या कपूर वृक्षांवर मात्र घासल्याच्या खुणा सापडल्या नाहीत, तिथे कोंबच शेजारच्या पानांचा प्रकाश ओळखून थांबत असावेत.

झाडं आवाज ऐकतात?

कंपनं जाणवतात. अळीच्या कुरतडण्याचं कंपन पानाला ऐकवलं तर पुढच्या हल्ल्याला ते जास्त तिखट रसायनांनी उत्तर देतं, असं २०१४ मध्ये दिसलं. तहानलेली टोमॅटोची रोपं तासाला साधारण ३५ आणि तंबाखूची साधारण ११ 'टिक' असे आवाज करतात, ४० ते ८० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आपल्या कानांच्या पलीकडे. त्यांचं ध्वनिमुद्रण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. बहुधा पाणी वाहणाऱ्या नळ्यांत बुडबुडे फुटल्याने होत असावेत. शेजारचं रोप ते ऐकतं, असं त्यातून सिद्ध होत नाही.

शेतीत याचा काही उपयोग?

पुष्कळ. तणं लहान असताना पिकाचं खातात किती? जवळजवळ काहीच नाही. तरीही सुरुवातीच्या आठवड्यांत तण राहिलं तर मका पुढे मार खातो. एक कारण हेच की तणाच्या पानांवरून परतणाऱ्या दूरतांबड्याने पीक आधीच हडबडतं, मुळांचं काम सोडून उंचीच्या मागे लागतं. खुरपणी वेळेवर हवी, उशिरा केलेली कितीही स्वच्छ असली तरी झालेला बदल मागे घेत नाही.

पूर्व आफ्रिकेत मक्यामध्ये डेस्मोडियम ही चाऱ्याची शेंगवर्गीय वनस्पती लावण्याची पद्धत केनियातल्या इसिपे या कीटक-संशोधन संस्थेने रुजवली. डेस्मोडियमच्या मुळांतले स्राव टारफुल्याचं बी रुजवतात, पण त्याला मक्याच्या मुळापर्यंत पोचू देत नाहीत. बी फुकट जातं आणि जमिनीतला साठा घटतो. गुप्तहेराला खोटा निरोप देण्याचा हा प्रकार.

काहींनी अंधारात नांगरून पाहिलं, कारण पुष्कळ तणांच्या बियांना रुजायला उजेडाची क्षणभर झलक पुरते आणि नांगरताना तीच मिळते. कधी तण घटलं, कधी फरक पडला नाही.

मेंदू नसताना 'कळतं', 'ओळखतं' असे शब्द वापरणं बरोबर आहे का?

बोलण्याच्या सोयीसाठी वापरतो. दरवाजाला पावसाळा 'कळतो' आणि तो फुगतो, याहून हे निश्चित जास्त आहे, कारण रोप वेगवेगळ्या खुणा एकत्र करून प्रतिसाद ठरवतं. पण त्यासाठी जाणीव मानावी लागत नाही.

घरी हे स्वतः पडताळायचं असेल तर?

मोहरी घ्या, ती लवकर उत्तर देते. एकाच मापाच्या बारा पेल्यांत एकेकच रोप ठेवा. सहा पेल्यांभोवती दाट हिरव्या गवताचे बुटके डबे मांडा, उरलेल्या सहांभोवती तसेच डबे पण वाळलेल्या, पिवळ्या गवताचे. डब्यांतलं गवत रोपापेक्षा खुजंच हवं, नाहीतर साधी सावली मोजून बसाल. गवत वाढलं की कात्रीने छाटा, पण ते काम पेल्यांपासून दूर नेऊन करा, नाहीतर कापलेल्या पानांचा वासही प्रयोगात शिरेल. सगळं उघड्या उन्हात ठेवा आणि जागा रोज बदला. बीजपत्रांपासून पहिल्या खऱ्या पानापर्यंतचं अंतर दर दोन दिवसांनी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. एखाददुसऱ्या रोपावरून काही ठरवू नका, रोपारोपात मुळातच फरक असतो, म्हणून तर सहा-सहा पेले.